कवडीची चांदणी

चमकीचा मला जितका तिटकारा आहे तितका पालीचासुद्धा नाही. पाल निदान भिंतीवर असते. चमकी सगळीकडे असते. डिसेंबर लागला की ती माझ्या केसांत निघते, पदरात निघते, डब्यातल्या वांग्याच्या भाजीत निघते, आणि गेल्या वर्षी तर नवऱ्याच्या दाढीत निघाली. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी त्याला दिवसभर जे काही विचारलं, ते त्याने घरी येऊन मला ऐकवलं.

मी धुळ्याला देवपुरातल्या एका इंग्रजी शाळेत क्राफ्ट शिकवते. मुलं मला सारिका मिस म्हणतात. शाळेत एकही ख्रिस्ती मूल नाही, पण नाताळ असा दणक्यात होतो की बाहेरच्या माणसाला वाटावं ट्रस्टींचे पूर्वज थेट बेथलेहेमहून धुळ्याला आले. नाताळ केला नाही तर इंग्लिश मीडियम कसलं, असं आमच्या प्रिन्सिपल मॅडमचं साधं म्हणणं असतं. प्लॅस्टिकचं झाड माळ्यावरून उतरतं. त्याला वर्षभराची धूळ आणि उंदराच्या लेंड्या लागलेल्या असतात. ते धुवायचं कुणी? क्राफ्टच्या बाईने.

यंदा पाहुण्यांना आणि मुलांना द्यायला रिटर्न गिफ्ट म्हणून एकशे वीस लाल मोजे करायचे होते. फेल्टचं कापड कापायचं, कडेने गरम गोंद लावायचा, वर कापसाची पांढरी पट्टी चिकटवायची आणि आत दोन चॉकलेटं, एक खोडरबर टाकायचं. गोंदाची ती बंदूक दाबली की पुढून पिवळट लाळ गळते आणि बोट उचललं की तिची तार लांबत जाते, शेंबड्या पोराच्या नाकासारखी. वास असा की दुपारचं जेवण घशाशी येतं. दहा मोज्यांनंतर मला नाताळबाबाच्या पायांचाही राग येऊ लागला.

माझ्या मदतीला बेबाबाई होती. बेबाबाई शाळेतली मावशी, पिंपळनेरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. गंमत म्हणजे आख्ख्या शाळेत घरी खरोखर नाताळ करणारी ती एकटी. तिला या बाबतीत आजवर कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं. सहा वर्षं तिच्यासोबत काम करून मीसुद्धा नाही. त्या दिवशी कंटाळून विचारलं, "बेबाबाई, तुमच्याकडे असले मोजे करतात का गं?"

ती हसली. "नही मॅडम. आमनाकडे बांबू नी कागदनी चांदणी करतस. पोरंच करतस. मोठा माणसं हात बी नही लावतस."

"का?"

"पोरंसनी ऱ्हास ना ती," ती म्हणाली आणि पुढचा मोजा घेतला.

चांदणी पोरांचीच असते, हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण नेमकी तीच गोष्ट माझ्या डोक्यात दहा दिवस जळत होती. प्रिन्सिपल मॅडमनी चौथी ब च्या वर्गाला नोटीस काढली होती. प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने झाडावर लावायची एक वस्तू करून आणायची. त्यातल्या सगळ्यांत चांगल्या चांदणीला झाडाच्या शेंड्यावर जागा, आणि ज्या मुलाची चांदणी, त्याच्या हातून केक कापायचा. निवड क्राफ्टच्या मिसची. नाव चोवीस तारखेला स्टेजवरच जाहीर करायचं.

नोटीस गेली आणि आयांच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. 'मिस, सगळं घरीच करायचं का?' 'मिस, कियानला गोंदाची ॲलर्जी आहे, मी केलं तर चालेल का?' आणि सगळ्यात कहर म्हणजे, 'मिस, हँडमेड म्हणजे रेडीमेड आणून त्याच्यावर हाताने काही चिकटवलं तर चालेल ना?' मी सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं: मुलाने स्वतः करायचं आहे. त्यावर बेचाळीस अंगठे आले.

मग वस्तू यायला लागल्या.

चौथी ब मध्ये बेचाळीस मुलं आहेत. त्यांतल्या अकरा जणांनी एकच स्नोमॅन आणला. तेच गाजराचं नाक, तोच निळा मफलर, तेच जरासं तिरकं हसू. बाजारात एकाच दुकानातून घेतलेले. किमतीचं लेबल नखाने खरवडलेलं आणि खरवडलेल्या जागी चिकट पांढरा डाग, त्या डागावर बोटांचा मळ. त्या मळाकडे बघून मला शिसारी आली. बाकीच्या वस्तू आयांनी केलेल्या होत्या. त्या इतक्या सफाईच्या होत्या की नऊ वर्षांच्या पोराचा त्यांना वाराही लागलेला नव्हता.

मी एकेकाला टेबलाशी बोलावून विचारलं, "कसं केलंस रे?"

"मम्मीला माहितीये."

"हे काय चिकटवलंय?"

"मम्मीला विचारून सांगू?"

पोरांचा राग येत नव्हता. ती बिचारी दुसऱ्याचं सामान पोचवायला आल्यासारखी उभी होती. राग येत होता तो त्यांच्या आयांचा. आपल्याच पोराच्या हातातून कात्री काढून घ्यायची, त्याला टीव्हीसमोर बसवायचं आणि वर त्याचं नाव सुंदर अक्षरात लिहून पाठवायचं. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालणारे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत. पण आपल्या कामावर पोराचं नाव घालून त्याला खोटं बोलायला शाळेत पाठवणं मला त्याहून घाण वाटतं. मी स्टाफरूममध्ये तसं मोठ्याने बोललेसुद्धा. दोघी मिसनी घाईने वह्या तपासायला घेतल्या, कारण त्यांची पोरं आमच्याच शाळेत होती.

कियानची मम्मी स्वतः आली. हातात दोन फूट रुंद चांदणी. पिस्त्याची टरफलं, मधे आरसे, वर सोनेरी स्प्रे. जळगावला एक बाई क्लास घेतात, त्यांच्याकडून करून आणलेली होती हे मला त्याच ग्रुपवरून आधीच कळलं होतं.

"कियान आठ दिवस हलला नाही हो जागेवरून," ती म्हणाली.

कियानने एक टरफल नखाने उचकटून आत पाहिलं. "मम्मी, यात पिस्ता नाहीये."

मी दोघांना 'थँक यू' म्हटलं आणि हात धुऊन आले.

मयुरी सगळ्यांत शेवटी आली, मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा झाल्यावर. शिरपूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून शाळेच्या बसने येणारी मुलगी. वडील योगराज, कापूस लावतात. पोरगी वर्गात फारसं बोलत नाही. पहिलीत असताना घरची बोली तोंडातून निघाली की पोरं खिदळायची, तेव्हापासून ती आधी मनात वाक्य जुळवते आणि मग बोलते. तिच्या हातात चपलांचा खोका होता. तिने तो माझ्या टेबलावर ठेवून झाकण काढलं आणि मी खुर्ची मागे सरकवली.

आत कापसाच्या बोंडांची चांदणी होती. अर्धवट उमललेली पाच वाळकी बोंडं, टोकं बाहेर करून सुतळीत गोल ओवलेली. प्रत्येक बोंड मुळात चांदणीसारखं फाकलेलं असतंच, त्यामुळे पाच चांदण्यांची मिळून एक मोठी चांदणी झाली होती. रंग नाही, चमकी नाही. पाकळ्यांच्या आत मात्र पिवळा, गुठळी झालेला कापूस.

कवडी. किडलेल्या बोंडातला न फुललेला कापूस, त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. तिचा वास माझ्या नाकात गेला आणि मी पुन्हा नऊ वर्षांची झाले.

मी शिंदखेडा तालुक्यातली, कापसाच्याच घरची. दिवाळीनंतर आमच्या मधल्या खोलीत आढ्याला टेकेपर्यंत कापूस भरायचे आणि आम्ही पोरं त्याच्यावर झोपायचो. ऐकायला मऊ वाटतं. पण त्या कापसात बारीक किडे असतात. सकाळी अंगभर लाल पुरळ, खाजवून खाजवून रक्त. गुलाबी अळ्या भिंतीवरून चालायच्या. एकदा एक माझ्या वरणात निघाली आणि आईने ती बोटाने काढून "खाय आते" म्हटलं. कवडी फोडायचं काम पोरांचं. बोंडाची टोकं नखांत शिरायची, आणि आत अळी निघाली की ती खाली टाकून टाचेने चिरडायची. मी क्राफ्टचा डिप्लोमा केला तो कलेच्या ओढीने नव्हे. कागदाला अळी लागत नाही म्हणून.

"कसं केलंस?" मी लांबूनच विचारलं.

आणि मयुरी बोलायला लागली. "मिस, आधी दाभणाने भोक पाडलं, तर तीन बोंडं फुटली. मग आजी म्हणाली, थोडी ओली कर. ओली केली तर नाही फुटली. मग सुतळी जाड होती, ती मी सोडवून बारीक केली. हे बोंड दोनदा निसटलं. इथे बघा, मी उलटी गाठ मारली. आजीला पण येत नव्हती, मीच शोधली."

तिच्या बोटांवर ओरखडे होते. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

"पांढरा कापूस का नाही घेतला?"

"आजी म्हणाली, चांगला कापूस लक्ष्मी असते. तो खेळायला नाही द्यायचा. कवडी घे." मग हळूच म्हणाली, "मिस, वर लागेल? म्हणजे आजीला बोलावते मी. ती शाळेत कधीच नाही आली."

मला काय करायचं हे लगेच कळलं. बेचाळीस वस्तूंत एकच खरी होती. तीच शेंड्यावर जाणार होती, मग आयांनी ग्रुपवर काहीही लिहो. मी मयुरीच्या कानात सांगितलं, "बोलाव आजीला. पण त्या दिवसापर्यंत कुणाला सांगू नकोस." ती इतकी खूश झाली की झाकण तिथेच विसरून पळाली.

मी तो खोका दोन बोटांनी कडेला धरून बेबाबाईकडे दिला. चांदणीला मी स्पर्श केला नाही. करवेना.

बेबाबाईने चांदणी उचलून कानाशी हलवली. "मॅडम, कवडी शे ही. जराशी उनमा ठेवीसन झटकी लेऊ का?"

"काही नको. शेंड्यावर बांधून टाक आणि हात धू," मी म्हटलं. मला ती पुन्हा डोळ्यांसमोर नको होती.

प्रिन्सिपल मॅडमनी झाड पाहिलं तेव्हा मान तिरकी केली. "एथनिक लूक आहे. कुणाची?" मी म्हटलं, स्टेजवरच सांगते. कियानची सोनेरी चांदणी मी खालच्या फांदीवर लावली होती, अगदी बुडाशी. त्याचा मला आनंद होत होता, तो लपवत नाही.

चोवीस तारखेला दुपारी चारला हॉल भरला. आया नटूनथटून पुढे. व्हिडिओवाल्याने झाडावर दोन मोठे हॅलोजन रोखले होते आणि त्याखाली तीन किलोचा पांढराशुभ्र केक. ट्रस्टींच्या सूनबाई प्रमुख पाहुण्या. मयुरी पहिल्या रांगेत लाल फ्रॉक घालून बसली होती, दोन्ही हात मांडीवर दाबून. शेवटच्या रांगेत तिची आजी, भिकुबाई, नऊवारीचा पदर घट्ट ओढून, चपला काढून खुर्चीखाली ठेवून. ती झाडाच्या शेंड्याकडे एकटक बघत होती.

भाषणं झाली. लाल टोप्या घालून नाच झाला. मग माझ्या हातात माइक दिला. मी म्हटलं, "या वर्षी शेंड्यावरची चांदणी जिने केली, ती…"

तेव्हा केकवर काहीतरी पडलं.

गुलाबी, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं. क्रीममध्ये पडलं, क्षणभर गप्प राहिलं, आणि मग वळवळायला लागलं.

"वॉव," कियान ओरडला, "जिवंत आहे!"

अर्धा तास हॅलोजनच्या धगीत राहून बोंडं तापली होती आणि आतली बिऱ्हाडं बाहेर निघाली होती. दुसरी अळी सूनबाईंच्या खांद्यावर पडली. तिसरी कुठे गेली कळलं नाही म्हणून सगळ्याच किंचाळल्या. 'शी! शी!' करत सिल्कच्या साड्या खुर्च्यांवर चढल्या. एका बाईने पदर झटकताना आख्खा ट्रे उलथला आणि आमचे लाल मोजे जमिनीवर तुडवले गेले. केकवरची अळी क्रीममधून वाट काढत गुलाबाच्या फुलापर्यंत पोचली होती. मला वरण आठवलं.

प्रिन्सिपल मॅडमनी दुसरा माइक घेतला. "ही घाण कुणी आणली? सारिका मिस, कुणाची आहे ही?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मयुरीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं, अर्धं तिथेच अडकलं होतं. मला पुढची सहा वर्षं स्वच्छ दिसली. नाव घेतलं की ही पोरगी दहावीपर्यंत अळीवाली. बसमध्ये शेजारी कुणी बसणार नाही. डबा कुणी खाणार नाही. आणि मागे बसलेली ती म्हातारी, जी शाळेत पहिल्यांदाच आली होती.

मी माइक तोंडाशी नेला. "माझी आहे," मी म्हटलं. "मीच केली. चूक माझी आहे. सॉरी."

हॉलमध्ये हुश्श झालं. "तरी म्हटलं," कियानची मम्मी खुर्चीवरूनच म्हणाली, "पोरांचं सगळं खाली, आणि मिसचं स्वतःचं वर!" बायका हसल्या. मी हसू दिलं. खरं सांगते, मला त्या क्षणी आतून फार मोठं वाटत होतं. त्या सगळ्या आयांपेक्षा मोठं.

"नही!"

मयुरी उभी राहिली होती. मनात वाक्य जुळवायला ती थांबली नव्हती.

"ती मनी शे! मिसनी नही. मीच करेल शे!"

मागे दोन-चार पोरं 'शे, शे' करत खिदळली. तिने तिकडे पाहिलंही नाही. ती पायऱ्या चढून स्टेजवर आली, केकजवळ गेली, क्रीममधली अळी दोन बोटांत उचलली, खाली टाकली आणि बुटाच्या टाचेने चिरडली. जशी मी तिच्या वयात रोज चिरडायचे.

"कवडीमा आळी ऱ्हासच," तिने हॉलला सांगितलं. तिच्या लेखी त्यात किंचाळण्यासारखं काही नव्हतं.

बेबाबाई कुणी न सांगता स्टूल घेऊन आली. तिने चांदणी सोडवली, चांगली दोन वेळा झटकली आणि मयुरीच्या हातात दिली. भिकुबाई चपला हातात घेऊन स्टेजच्या पायरीपर्यंत आली होती. "बाई, मनी चूक शे," ती मला म्हणाली. "देवना झाडले चांगला कापूस देवाले पाहिजे व्हता. मीच कवडी दिन्ही." मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

मी खाली वाकले. "मयुरी, अगं, तुला कुणी हसू नये म्हणून मी म्हटलं. तुझ्यासाठीच गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. लेबल खरवडलेल्या त्या अकरा स्नोमॅनकडे मी अशीच बघत होते.

"मिस," ती म्हणाली, आता नीट जुळवून, शाळेच्या मराठीत, "तुम्ही तर तिला हातसुद्धा लावला नव्हता."

आणि चांदणी छातीशी धरून ती आजीकडे गेली.